दोन वर्षं, दोन वर्षं आणि परत दोन वर्षं

आज आणखी एका लॉ फर्मचा नकार आला. पहाटे सहाला! अर्ज फार आल्यामुळे अभिप्राय देता येणार नाही म्हणे. 'आमचीच फर्म का?' हे अडीचशे शब्दांत बसवायला माझे तीन रविवार गेले, आणि यांना दोन ओळी जड होतात.

इंग्लंडात सॉलिसिटर, म्हणजे सल्ला आणि कागदपत्रं बघणारा वकील, व्हायची नेहमीची वाट म्हणजे ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्ट, फर्ममधली पगारी उमेदवारी, दोन वर्षांची. मोठ्या फर्म्स ते दोन वर्षं आधीच वाटून मोकळ्या होतात. म्हणजे आज 'हो' म्हणाले तरी मी रुजू होणार दोन वर्षांनी. आणि शिक्षण संपल्यावर इथे राहून काम करायला मिळालेला माझा ग्रॅज्युएट व्हिसा किती वर्षांचा? दोन! त्यातले सात महिने फॉर्म भरण्यात गेलेसुद्धा. मधल्या काळात मी काय हीथ्रोच्या बाकावर पथारी पसरू?

तर सगळे सांगतात, अगं, २०२१ पासून एसक्यूई आहे ना, ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्टशिवाय सॉलिसिटर होता येणारी परीक्षा. आहे की. पहिल्या टप्प्यालाच ३६० प्रश्न, मग दुसरा टप्पा, दोन्हींची फी पाच हजार पौंडांच्या घरात (रुपयांत हिशेब करायचा नाही अशी मी शपथ घेतलीय). शिवाय दोन वर्षांचा कामाचा अनुभव. तो म्हणे चार ठिकाणचा मिळूनही चालतो, पॅरालीगलचा (म्हणजे वकिलांच्या हाताखालच्या मदतनिसाचा) चालतो, लोकांना मोफत सल्ला देणाऱ्या लॉ क्लिनिकमधला बिनपगारीही चालतो. फुकटचा चालतो, पण घरभाडं कोण भरणार?

मी एका छोट्या फर्ममध्ये पॅरालीगल आहे. घरांची खरेदी-विक्री. लीज वाचते, घराच्या चौकशीचे सर्च रिपोर्ट मागवते, चाव्या मिळाल्या नाहीत म्हणून चिडलेल्या गिऱ्हाइकांची बोलणी खाते. साहेबांना म्हटलं, माझा अनुभव प्रमाणित कराल ना? 'बघू.' अहो, मी लायक आहे असं नाही लिहून द्यायचं! या तारखेपासून त्या तारखेपर्यंत काम केलं, शिकायची संधी मिळाली, वागणूक ठीक होती, एवढंच. तर चेहरा असा की जणू मी यांच्या सातबाऱ्यावर माझं नाव चढवायला सांगितलंय. आणि मोठ्या फर्मच्या मुलाखतीत हेच काम सांगितलं की समोरची बाई गोड हसते, 'म्हणजे ॲडमिनिस्ट्रेटिव्ह का?'

पुण्यात कॉलेजात असताना सुट्ट्यांमध्ये शिवाजीनगर कोर्टात सरांच्या मागे फायली घेऊन पळले, दाव्यांचे मसुदे लिहिले. ते इथे मोजायचं तर सही इंग्लंड-वेल्सच्या सॉलिसिटरची हवी. तो कुठून आणू शिवाजीनगरात? तीस वर्षं वकिली केलेल्या सरांची सही इथे शून्य. आणि सगळ्यात जास्त राग माझा मलाच येतो. तेव्हा सनद घेऊन निघाले असते तर आधीच वकील म्हणून हे दोन वर्षांच्या अनुभवाचं झेंगटच लागलं नसतं. सर म्हणालेही होते. पण मला एलएलएमची घाई!

त्यात आईचा फोन. आत्याकडे सांगून झालंय, पोरगी बॅरिस्टर होतेय. आई, कोर्टात उभा राहणारा बॅरिस्टर वेगळा गं! 'असू दे, काळा कोटच ना?'

उद्या रात्री बाराला आणखी एका फर्मची मुदत संपतेय. प्रश्न आहे, 'अपयश कसं पचवता?' दोनशे शब्द. नाही पचवत. झाले दोन, उरलेले एकशे अठ्ठ्याण्णव तुम्हीच लिहा.