मायलोमाचा तो मेसेज आता आमच्या घरात पोचला, म्हणून हे उत्तर

दादाला मल्टिपल मायलोमा आहे, हाडांच्या मगजातला रक्ताचा कॅन्सर. मंगळवारी रात्री त्याची गोळ्यांची डबी भरायला घेतली, ती वारांचे खण असलेली डबी, तर बुधवारच्या खणात आधीच दोन हिरव्या कॅप्सूल पडलेल्या. बुधवार म्हणजे इंजेक्शनचा दिवस. त्या खणात काय काय असतं ते मला पाठ आहे, डेक्साच्या म्हणजे स्टेरॉइडच्या गोळ्या, नागीण होऊ नये म्हणून असायक्लोव्हिर, पोटाची एक. ह्या दोन कुठून आल्या? वहिनीला विचारलं तर ती काही बोलली नाही, फोन उघडून माझ्यासमोर धरला.

तोच मेसेज. "मल्टिपल मायलोमा मुळापासून बरा, डॉक्टर कधीच सांगणार नाहीत अशा ६ गोष्टी." महिनाभर बघतोय मी हा, तीन वेगवेगळ्या ग्रुपवर आला आणि तिन्ही वेळा सोडून दिला, ती माझी चूक झाली. ज्यांच्याकडे आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एक, मायलोमाची औषधं म्हणजे बंदी घातलेलं विष आहे. दोन, इंजेक्शनसोबत ग्रीन टी अर्काच्या कॅप्सूल आणि भरपूर विटामिन सी घेतलं की इंजेक्शनचा परिणाम दुप्पट होतो. तीन, हाडं पोकळ होतात म्हणजे कॅल्शियम कमी पडतंय, तेव्हा भरपूर कॅल्शियम घ्या, आणि दुखलं तर साधी पेनकिलर पुरे. चार, परदेशातली एक बाई नुसत्या हळदीने बरी झाली. पाच, एका इंजेक्शनमध्ये कॅन्सर संपवणारा इलाज सापडलाय पण कंपन्यांनी दाबून ठेवलाय. सहा, ट्रायलमध्ये गेलात तर तुमचा उंदीर करतात, अर्ध्या लोकांना नुसती साखरेची गोळी देतात.

वहिनीवर मी चिडलो नाही. तीन वर्षं ती दादाची फाईल, तारखा, ताप, सगळं सांभाळतेय, तिला वाटलं आपल्या हाताने अजून काही करता आलं तर करावं. चीड आहे ती न वाचता पुढे ढकलणाऱ्यांची.

दुसऱ्या मुद्द्यापासून सुरू करतो, कारण तोच आमच्या डबीत येऊन पडला होता. दादाचं इंजेक्शन म्हणजे बोर्टेझोमिब. मायलोमाच्या पेशी दिवसरात्र प्रोटीन बनवत असतात, बनवताना बिघडलेलं, नको असलेलं प्रोटीन पेशीतच साठतं, आणि ते तोडून टाकायचं काम प्रोटिअसोम नावाची यंत्रणा करते. बोर्टेझोमिब ती यंत्रणाच बंद पाडतं, मग कचरा तुंबतो आणि पेशी मरते. हे औषध प्रोटिअसोमला जिथे जाऊन चिकटतं तिथे त्याच्या रेणूत बोरॉन असतो, सगळी ताकद त्या टोकात.

आता २००९ साली 'ब्लड' ह्या रक्तविकारांच्या नावाजलेल्या जर्नलमध्ये सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांचा पेपर आला. त्यांनी ग्रीन टीमधला ईजीसीजी हा मुख्य घटक बोर्टेझोमिबसोबत मायलोमाच्या पेशींवर आणि उंदरांवर वापरून बघितला. मेसेज म्हणतो तसं दुप्पट वगैरे काही झालं नाही, उलटंच झालं. ईजीसीजी जाऊन थेट त्या बोरॉनलाच पकडून बसला आणि औषध पेशीपर्यंत पोचायच्या आत निकामी झालं. ज्या पेशी मरायला हव्या होत्या त्या जिवंत राहिल्या. म्हणजे परिणाम वाढवायला म्हणून जे घ्यायला सांगताय तेच औषधाला अडवतंय!

खरं सांगायचं तर हे प्रयोग माणसांवरचे नाहीत. नंतर दुसऱ्या एका गटाने उंदरांवरच करून बघितलं, त्यात ईजीसीजी कमी असताना अडथळा दिसला नाही, प्रमाण खूप वाढवल्यावर दिसला. त्यामुळे कोणी कधीतरी कपभर ग्रीन टी प्यायलं असेल तर घाबरून जाऊ नका. पण मेसेजमध्ये कप लिहिलेलाच नाही, अर्काच्या कॅप्सूल लिहिल्यात, म्हणजे तोच घटक मुद्दाम दाट करून, आणि तोही नेमका इंजेक्शनच्या दिवशी. विटामिन सीच्या मोठ्या डोसबद्दल प्रयोगांचे निकाल एकसारखे नाहीत, काहींत तेही बोर्टेझोमिबच्या आड आलंय. मग अशी गोष्ट आपण होऊन का घ्यायची? इक्साझोमिबची गोळी चालू असेल त्यांनीही लक्ष द्या, तिच्यातही बोरॉन आहे.

ह्यात मला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते सांगतो. औषध अडलं की औषधाचा त्रासही कमी होणार, बरोबर? पायाची बोटं कमी बधिर, अंग कमी दुखतंय, आणि पेशंटला वाटणार कॅप्सूल लागू पडली. दादाने आदल्या बुधवारी दोन कॅप्सूल घेतल्या होत्या हे मला तेव्हा कळलं, आणि तो म्हणाला, "ह्या वेळी जरा हलकं वाटलं रे." एका आठवड्यावरून काही सिद्ध होत नाही, योगायोगही असेल, पण ते ऐकून माझ्या पोटात गोळा आला. शर्टाची बटणं त्याला आता नीट लावता येत नाहीत, चप्पल पायातून कधी निसटली ते कळत नाही, डेक्साच्या रात्री तीन वाजता उठून कपाट आवरत बसतो. इतकं सोसून जे औषध घेतोय ते दोन कॅप्सूलनी वाया जायचं?

तिसरा मुद्दा ह्याच्याइतकाच घातक आहे आणि लोकांना तो सहज पटतो म्हणून जास्त वाईट. मायलोमात हाडं पोकळ होतात ती कॅल्शियम खाल्लं नाही म्हणून नाही. ह्या पेशी हाड खाणाऱ्या पेशींना चेव आणतात, हाड विरघळतं आणि त्यातलं कॅल्शियम रक्तात येतं. रक्तात ते आधीच जास्त झालेलं असू शकतं, त्यात तुम्ही अजून ओतणार? दादाचं निदान झालं त्याच्या आधीचे आठ दिवस मला आठवतात, सारखी तहान, पोट साफ नाही, आणि एका संध्याकाळी स्वतःच्या घराचं कुलूप हातात धरून हे कसं उघडायचं म्हणून तो उभा राहिला होता. ते वाढलेलं कॅल्शियम होतं. त्याच्याही आधी चार महिने पाठ दुखते म्हणून तो रोज पेनकिलर खात होता, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक असलीच. मायलोमाच्या प्रोटीनचे तुकडे, ज्याला रिपोर्टमध्ये लाइट चेन म्हणतात, ते किडनीच्या नळ्यांत अडकतात आणि त्यावर ह्या गोळ्या म्हणजे दुखऱ्या किडनीवर अजून घाव. दुखण्यासाठी दुसरी औषधं असतात, ती मागून घ्या. हाडं मजबूत करणारं झोलेड्रोनिक अ‍ॅसिड चालू असलेल्यांना डॉक्टर स्वतःच कॅल्शियम आणि विटामिन डी देतात हे खरं आहे, दादालाही देतात, पण रक्त आणि किडनी बघून, मोजून. मेसेज वाचून नाही.

हळदीची बाई खरी आहे. हे मला कबूल करावं लागतंय. २०१७ मध्ये 'बीएमजे केस रिपोर्ट्स'मध्ये तिच्याबद्दल छापून आलं, आजार पुन्हा उलटल्यावर तिने दुसरे उपचार थांबवून रोज ८ ग्रॅम कर्क्युमिन, म्हणजे हळदीतला मुख्य घटक, घेतलं आणि आजार पाच वर्षं स्थिर राहिला. पण नुसत्या हळदीने कसं म्हणता? त्याआधी तिची केमो आणि स्टेम सेल ट्रान्सप्लांट झालेली होती, ती पूर्ण बरी झाली असं पेपर म्हणत नाही, स्थिर राहिली म्हणतो, आणि ही एका पेशंटची गोष्ट आहे. स्थिर का राहिली हे एका पेशंटवरून ठरत नाही. डॉक्टरांनी ती लपवली नाही, उलट त्यांनीच छापली.

विषाचा मुद्दाही अर्धा खरा. गर्भार बायकांनी घेतलेल्या थॅलिडोमाइड ह्या औषधामुळे जगभरात १०,००० च्या वर बाळं व्यंग घेऊन जन्मली आणि १९६१ मध्ये ते बाजारातून काढून घ्यायला सुरुवात झाली. पण पुढचं मेसेजमध्ये नाही. १९९९ मध्ये अमेरिकेत आर्कान्सामधल्या डॉक्टरांनी सगळे उपाय थकलेल्या ८४ मायलोमा पेशंटना ते दिलं आणि जवळपास एक तृतीयांश लोकांत मायलोमाचं प्रोटीन उतरलं. त्याच कुळातलं लेनालिडोमाइड आज दादा घेतो. गर्भारपणात ते चालत नाहीच, म्हणून त्याचे नियम कडक असतात.

आता "दाबून ठेवलेला इलाज". ह्याच्यावर मी जरा जास्त लिहिणार, कारण नवीन संशोधन आम्ही दोघं भाऊ मिळून वाचतो आणि त्यातूनच दादाला धीर येतो. मेसेजवाल्याला बहुतेक कार-टी म्हणायचंय. त्यात पेशंटच्याच टी पेशी काढून त्यांना मायलोमाच्या पेशीवरचं बीसीएमए नावाचं प्रोटीन ओळखायला शिकवतात आणि परत सोडतात. सिल्टा-सेल ह्या कार-टी उपचाराची जी पहिली मोठी चाचणी झाली तिच्यात ९७ पेशंट होते, बहुतेकांचे पाच-सहा प्रकारचे उपचार करून झालेले. २०२५ मध्ये त्यांचा पाच वर्षांचा हिशोब छापून आला, ९७ पैकी ३२ जणांचा आजार एका डोसनंतर पाच वर्षं किंवा जास्त काळ वाढलाच नव्हता, मध्ये मायलोमाचं दुसरं काही औषध न घेता. हा आकडा वाचून दादा बराच वेळ गप्प बसला होता, मग म्हणाला परत वाच. इतका मोठा निकाल अमेरिकेतल्या कॅन्सर डॉक्टरांच्या वार्षिक परिषदेत सगळ्यांसमोर मांडला, जर्नलमध्ये छापला, त्याला दाबून ठेवणं म्हणतात का?

आणि तेवढंच वाचून थांबायचं नसतं. ९७ मधले उरलेले ६५? त्यांच्यातल्या बहुतेकांचा आजार परत वाढला किंवा ते गेले. "एक इंजेक्शन"च्या आधी पेशी काढणं, त्या तयार होईपर्यंत थांबणं, जागा करायला केमो, आणि नंतर ताप-बीपी घसरण्याची, डोक्यावर परिणाम होण्याची जोखीम. २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, कार-टीच्या लेबलवर नव्याच रक्ताच्या कॅन्सरचा इशाराही टाकायला लावला. कुठलीही बातमी आली की आम्ही आधी बघतो किती लोक होते, आजाराच्या कुठल्या टप्प्यावरचे होते, कशाशी तुलना केली आणि किती दिवस पाहिलं. दादाचा आजार आज आटोक्यात आहे, त्याच्यासाठी ह्यातलं काय आणि कधी, हे ह्या प्रश्नांशिवाय कळत नाही.

उंदीर आणि साखरेच्या गोळीबद्दल. २०२३ च्या शेवटी आलेली पर्सियस चाचणी बघा, ७०९ नवीन पेशंट, सगळ्यांना त्या वेळची चांगली तीन औषधं मिळालीच, अर्ध्यांना वर डाराट्युमुमॅब हे चौथं औषध. चार वर्षांनी आजार न वाढता जिवंत असलेले चार औषधांच्या गटात ८४.३ टक्के, तीनच्या गटात ६७.७. साखरेवर कोणालाच ठेवलेलं नव्हतं. धोका नसतो असं मी म्हणणार नाही. २०१७ मध्ये पेम्ब्रोलिझुमॅब मायलोमाच्या औषधांना जोडून बघितलं तेव्हा ते घेणाऱ्या गटात मृत्यू जास्त दिसले, एफडीएने त्या चाचण्या थांबवल्या. दुसऱ्या कॅन्सरमध्ये चांगलं चाललेलं औषध होतं ते. पण कोणीतरी मोजत होतं म्हणून थांबलं ना? ह्या मेसेजमुळे कोणाचं काय झालं ते कोण मोजतंय?

बुधवारी सकाळी आम्ही कॅप्सूलची बाटली पिशवीत टाकून सोबतच नेली. वहिनीनेच डॉक्टरांसमोर ठेवली, किती घेतल्या, कधी घेतल्या सगळं सांगितलं. डॉक्टर रागावले नाहीत, लेबल वाचलं, बंद करा म्हणाले आणि फाईलवर तारखेसकट लिहून ठेवलं. तुमच्या घरात कोणी घेतल्या असतील तर असंच करा, लपवू नका, पुढचा रिपोर्ट वाचताना त्यांना हे माहीत असायला हवं. मग सिस्टरने विचारलं मागच्या वेळी पोटाच्या कुठल्या बाजूला दिलं होतं, वहिनीने डायरी उघडून सांगितलं डावीकडे, ह्या वेळी उजवीकडे दिलं. कापा-लॅम्डाचा, म्हणजे त्या लाइट चेन मोजणाऱ्या तपासणीचा, रिपोर्ट पुढच्या सोमवारी येईल. ज्या काकांनी वहिनीला मेसेज पाठवला त्यांना मी फोन केलाय, त्यांनी तो पुढे अजून चार जणांना पाठवला होता, त्यांचे नंबर मागून घेतलेत आणि आज रात्री एकेकाशी बोलणार आहे.