युगांडाला चाललात? लशीचं बघू नंतर

हे बघा भाऊ, केळीच्या नाहीतर ड्रिपच्या कामाला युगांडाला चालला असाल तर मेन तयारी महिनाभर आधी लावा, म्हणजे बिबडे, आपले ज्वारीचे पापड. आई गच्चीवर धोतर अंथरून बिबडे घालते, कळण्याचं पीठ दळून येतं, काळा मसाला तीन पिशव्यांत बांधून वर चिकटपट्टी, बॅग वजनकाट्यावर चढवून दोनदा मोजायची. यलो फिव्हरची, म्हणजे मच्छर चावून होणाऱ्या तापाची लस काय, एक टोचा तर आहे, मुंबईला विमान पकडायच्या आधी मारून घेऊ.

या लशीचं कार्ड युगांडात उतरतानाच मागतात आणि ते चालू होतं लस घेतल्यावर १० दिवसांनी, पण हे १० दिवस सामान्य लोकांसाठी असतात, तुमची तर आमदारांपर्यंत ओळख आहे. लस जवळच्या मेडिकलवर मिळत नाही, सरकारने ठरवून दिलेल्या सेंटरवरच मिळते, आणि बाटली एकदा फोडली की ६ तासांत संपवावी लागते म्हणून बऱ्याच ठिकाणी ठराविक वारीच बोलवतात, असो, आपला वार आपण ठरवू. आणि २०१६ पासून एकदा घेतली की जन्मभर चालते म्हणे, मग जन्मभराच्या कामाला एवढी घाई कशाची?

मागची तारीख टाकून कार्ड देणारा एकजण कोणाच्या तरी ओळखीत असतोच. घ्या त्याच्याकडून. मच्छराला कुठे तारीख वाचता येते. या तापावर खास औषध नाही एवढंच. आणि परत येताना कार्ड नसलं तर आपलंच सरकार सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतं, तेवढाच आराम.

काउंटरवरच्या मॅडमने अडवलंच तर "आमच्या गावात कधीच कोणाला झाला नाही" हे ठणकावून सांगा. आमच्या शालकाने सांगितलं होतं. विमान गेलं, बिबडे राहिले.

पण गावात फेटा बांधून सत्कार झालाय, चौकात बॅनर लागलाय, आता परत कोणत्या तोंडाने जाणार? लस टोचून घ्यायची आणि १० दिवस कल्याणला आत्याकडे काढायचे, शालकाने तेच केलं. मे महिना, आईचा फोन, "काय रे भो, तिकडे ऊन कसं आहे?" पठ्ठ्या बनियनने घाम पुसत म्हणतो, "गार आहे ना आई, कंपाला उंचावर आहे." मागून आवाज, भुसावळकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर येत आहे.