पंधरा गोल खायला आधी दोन मॅच जिंकाव्या लागतात

पक्या भूतानची टूर करून आलाय. शनिवारी डोंबिवलीच्या आमच्या कट्ट्यावर टेकल्या टेकल्या त्याने जाहीर केलं, "तिकडे फुटबॉल जोरात. क्रिकेटचं काही खरं नाही."

मंद्या उसळलाच. "कसला जोर? २००० साली कुवेतनं २० गोल घातले. २०१५ ला कतारनं १५!"

"पण कतारपर्यंत पोचले कसे ते सांग की! मार्च २०१५ मध्ये फिफाच्या यादीत भूतान २०९वा, म्हणजे तळाला. वर्ल्ड कपच्या पात्रता फेरीत श्रीलंकेला कोलंबोत जाऊन १-० हरवलं, मग थिंपूत २-१. थिंपूतले दोन्ही गोल चेंचो ग्येल्तशेनचे. नंबर एकदम १६३ वर."

मी पक्याच्या बाजूचा. श्रीलंकेकडून हरून गप घरी बसले असते तर कतारनं धुतलं नसतं. जिंकले म्हणून मार खाल्ला. आणि हाच चेंचो २०१७-१८ ला मिनर्व्हा पंजाब क्लबकडून आपल्याकडची फुटबॉलची आय-लीग जिंकला, तेव्हा आपण सगळे आयपीएलच्या लिलावात डोकं घालून बसलो होतो.

शेखरचा मुद्दा जागेचा. अख्खा देश आठ लाखांच्या आत, आपली कल्याण-डोंबिवली त्याहून मोठी. त्यात सगळे डोंगर. फुटबॉलला शाळेचं पटांगण पुरतं, क्रिकेटला एवढी सपाट जमीन आणायची कुठून?

पक्याने थिंपूचं चांगलिमिथांग स्टेडियम पाहिलंय. साडेसात हजार फुटांवर, कृत्रिम हिरवळीचं. २००२ ला ब्राझील-जर्मनी फायनलच्याच दिवशी फिफाच्या यादीतले शेवटचे दोघे इथे भिडले होते आणि भूतानने मॉन्टसेराट या कॅरिबियन बेटाला ४-० हरवलं. पण पक्या रमला तो शेजारच्या तिरंदाजीत. "घो, म्हणजे तिकडचा गुडघ्यापर्यंतचा झगा, घातलेले बाप्ये १४५ मीटरवरच्या अरुंद फळीवर नेम धरतात, आणि समोरच्या टीमची माणसं त्या फळीला खेटून उभी! बाण येताना दिसला की बाजूला होतात. लागला तर गाणं, नाच. आपण सिक्सरला एवढं नाचत नाही."

"मग क्रिकेट?" मंद्या मुद्दा सोडेना. "टीव्हीच तिथे १९९९ ला आला. तरी आज आयसीसीचे सहयोगी सदस्य आहेत. दक्षिणेला आसामला लागून सपाटी आहे, तिथे गेलेफूला मॅचेस होतात. डिसेंबर २०२५ ला तिथेच सोनम येशेनं चार ओव्हरमध्ये ७ रन देऊन ८ विकेट काढल्या. आंतरराष्ट्रीय टी-ट्वेंटीत आठ विकेट त्याआधी कुणाच्या बापाला जमल्या नव्हत्या."

"समोर म्यानमार होतं रे," पक्यानं नाक मुरडलं.

"आणि मघाशी तू श्रीलंका मोजलीस," शेखर म्हणाला, "ती फुटबॉलमध्ये काय ब्राझील होती?"