नऊ आण्याचा पाना

अमेरिकेतल्या मराठी माणसाच्या गॅरेजमध्ये गाडी सोडून सगळं असतं. गणपतीचं मखर, तांदळाच्या पोत्यांची थप्पी, भारतवारीच्या मोठ्या बॅगा, त्या बॅगांच्या पोटात लहान बॅगा, कधीतरी लागतील म्हणून ठेवलेले टीव्हीचे खोके, आणि एक व्यायामाचं यंत्र, ज्यावर पापड वाळत घातलेले असतात. गाड्या बाहेर उन्हात. कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटमधल्या आमच्या घरी ही व्यवस्था वर्षानुवर्षं सुरळीत चालली होती. मग आमच्या कन्येला, सईला, ड्रॅग रेसिंगची, म्हणजे सरळ पट्टीवर दोन गाड्या पळवण्याच्या शर्यतीची, रोडस्टर बांधायची हुक्की आली.

विकत घ्यायची नाही, जुनी आणून दुरुस्त करायची नाही, मुळापासून बांधायची. वर ती नवी असून नवी दिसता कामा नये. १९५० च्या दशकात इथली पोरं बांधायची तश्शी हवी. म्हणजे फोर्डच्या मॉडेल टीचं उघडं धड, डोक्यावर टप नाही, इंजिनावर बॉनेट नाही, पुढे किडकिडीत चाकं आणि मागे रुंद, गुळगुळीत टायर. असा गुळगुळीत टायर आपल्याकडे दिसला तर शेजारीसुद्धा "बदला हो आता" म्हणतो. इथे तो कोरा करकरीत तसाच मिळतो, आणि नक्षीवाल्याहून महाग मिळतो.

"आणि ही जाणार कुठे?" मी विचारलं.

"पाव मैल."

"आणि मग?"

"मग थांबणार. मग परत पहिल्यापासून पाव मैल."

पाव मैल म्हणजे १,३२० फूट. आमचं इंडियन ग्रोसरीचं दुकानसुद्धा याहून लांब आहे. शिवाय ही गाडी तिथे नेता येणार नव्हती, कारण ती रस्त्यावर आणायचीच नव्हती. म्हणजे जिला दिवे नाहीत, डिकी नाही, छप्पर नाही, नंबरप्लेट नाही आणि जी कुठेही जात नाही, अशा गाडीसाठी माझी तांदळाची पोती दिवाणखान्यात आली.

मंडळाच्या कार्यक्रमात "मुलगी काय करते?" हा प्रश्न चुकत नाही. सई कम्युनिटी कॉलेजात ऑटोमोटिव्हचा कोर्स करते आणि उरलेला वेळ गाडीखाली असते, हे आमच्या डॉक्टर-इंजिनिअर गोतावळ्यात सांगायचं कसं? माझी बायको या बाबतीत थोर आहे. ती शांतपणे सांगते, "पॉवरट्रेनमध्ये आहे." इंजिन-गिअरबॉक्सलाच पॉवरट्रेन म्हणतात. फ्रीमाँटमध्ये टेस्लाचा कारखाना असल्यामुळे पुढचं सगळं ऐकणारा स्वतःच समजून घेतो. "शेअर्स मिळाले असतील ना?" असंही एका वहिनींनी विचारलं. बायको नुसतं गूढ हसली.

सईच्या खोलीत एका हसऱ्या बाईचा फोटो आहे, गुलाबी गाडीजवळ उभी असलेली. मी बरेच दिवस तिला गायिका समजत होतो. ती शर्ली मल्डाउनी निघाली. ड्रॅग रेसिंगच्या सगळ्यात वरच्या, टॉप फ्युएल वर्गात तिने १९७७, १९८० आणि १९८२ असं तीनदा राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. हे मला माहीत असायचं कारण जेवताना आमच्याकडे दुसरा विषय नसतो. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीपासून पोरं इथल्या वाळवंटातल्या एल मिराजच्या कोरड्या तळ्यावर जुन्या फोर्ड पिटाळायची, युद्धाहून परतल्यावर शहरातल्या रस्त्यांवर पिटाळू लागली, पोलिसांच्या नाकी नऊ आले, मग १९५० मध्ये सँटा आना इथल्या विमानतळाच्या धावपट्टीवर तिकीट लावून शर्यती सुरू झाल्या आणि १९५१ मध्ये वॉली पार्क्सने नॅशनल हॉट रॉड असोसिएशन काढून या सगळ्या प्रकाराला नियमात बसवलं. हे सगळं एका पोळीत. दुसऱ्या पोळीला कळतं की फ्रीमाँटलाही एके काळी नावाजलेली ड्रॅग स्ट्रिप होती, ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस बंद झाली. आपल्या गावात पूर्वी काय होतं याचं इतकं दुःख कुणाला झालेलं मी पाहिलं नव्हतं. आम्हाला इथे घर घेताना शाळेचं रेटिंग आणि फ्रीवेचं अंतर एवढंच दिसलं होतं.

धड आलं ते १९२७ च्या मॉडेल टीचं. म्हणजे तसं दिसणारं. फोर्डने १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटी मॉडेल टी बनवल्या, तरी त्यातली एकही आमच्या वाट्याला न येता फायबरग्लासची प्रतिकृती आली. तिला सईने सुंदर निळा रंग दिला, आणि तो वाळल्यावर पॉलिशपेपर घेऊन कोपऱ्याकोपऱ्यांवरून घासून काढला, सत्तर वर्षं वापरल्यासारखा दिसावा म्हणून. मी पाहत उभा होतो. माझ्या गाडीला पार्किंगमध्ये एवढासा चरा पडला तेव्हा विम्यासाठी मी कुणाकुणाशी भांडलो ते आठवत होतो.

इंजिनाचं प्रकरण निराळं. तिला हवं होतं फोर्डचं जुनं फ्लॅटहेड. १९३२ साली हेन्री फोर्डने हे व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचं, इंजिन सामान्य माणसाच्या गाडीत आणलं: २२१ घनइंच, ६५ अश्वशक्ती. या पंथाचं मूळ दैवत तेच. सेंट्रल व्हॅलीतल्या एका शेतकऱ्याच्या गोठ्यातून असा एक ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा ओतीव सांगाडा, तिने पैदा केला. विकणाऱ्याने "आतून एकदम ठणठणीत" असं सांगितलं होतं. मशीन शॉपमध्ये तपासल्यावर व्हॉल्व्हच्या बैठकीपासून सिलिंडरपर्यंत गेलेली चीर निघाली. या इंजिनात जळका वायू ब्लॉकच्या पोटातूनच बाहेर काढलेला असतो, त्यामुळे ते तापतं आणि तापून तडकतं. सईला हे ठाऊक होतं. भक्ताला दैवताचे दोष ठाऊक असतातच. तो ब्लॉक दोघातिघांना मिळूनही टेंपोत घालता येईना, म्हणून मागच्या अंगणात राहिला. सासूबाईंनी त्यावर तुळशीची कुंडी ठेवली. आठ सिलिंडरचं तुळशीवृंदावन सगळ्या अमेरिकेत बहुधा आमच्याकडेच असावं.

शेवटी भंगारातल्या एका पिकअपमधलं शेवरलेचं ३५० घनइंची इंजिन आलं. फोर्डच्या धडात शेवरलेचं इंजिन ही सोयरीक १९५५ नंतर, शेवरलेचं हलकं, स्वस्त व्ही-८ निघाल्यापासून, सर्रास होते. तरी सनातनी मंडळी नाकं मुरडतात.

याच सुमारास सासू-सासरे सहा महिन्यांसाठी पुण्याहून आले होते. माझे सासरे, अप्पा, एसटीच्या दापोडीच्या कार्यशाळेतून फोरमन म्हणून निवृत्त झाले. मुलीकडे अमेरिकेत आलेल्या निवृत्त माणसाचा दिवस कसा जातो ते सगळ्यांना माहीत आहे: सकाळी फेरफटका, दुपारी पुण्यातल्या पावसाची चौकशी, संध्याकाळी बाकावर इतर आजोबांबरोबर सुनांचं मूल्यमापन. अप्पांनी यातलं काहीही केलं नाही. पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे तीनला, झोप येईना म्हणून, ते गॅरेजमध्ये गेले. सहाला मी उठलो तेव्हा स्टँडवरच्या इंजिनाची हेडं उतरलेली होती आणि आजोबा-नात चहा पीत पिस्टनकडे बघत होते.

"जावईबापू, तिसऱ्याची रिंग गेलीय," अप्पा म्हणाले. मला तोवर पहिल्या दोनही माहीत नव्हत्या.

अप्पांचा हात एसटीच्या डिझेल इंजिनांवर बसलेला. तिथे पाने मिलिमीटरचे: दहाचा, तेराचा, सतराचा. इथे सगळा इंचांचा कारभार. सात सोळांश, नऊ सोळांश, पाच अष्टमांश. सईलाही आधी घोळ व्हायचा. गाडीखालून हात बाहेर यायचा, मी चुकीचा पाना द्यायचो, हात तो परत फेकायचा. अप्पांनी पान्यांची पेटी एकदा नीट पाहिली आणि त्यांचा चेहरा उजळला.

"अरे, हे तर आणे आहेत!"

इंचाचे सोळा भाग, रुपयाचे सोळा आणे. १९५७ साली नवे पैसे आले त्याआधी अप्पांची शाळा झालेली. पावकी, निमकी, पाऊणकी मुखोद्गत. त्यांनी हिशेबच लावून टाकला. अर्धा इंच म्हणजे आठ आणे. तीन अष्टमांश म्हणजे सहा आणे. हेडच्या बोल्टला पाच अष्टमांशाचा, म्हणजे दहा आणे. आता आमच्या गॅरेजमधून कॅलिफोर्नियात जन्मलेल्या मुलीचा आवाज येतो, "आजोबा, नऊ आणे!" आणि आतून उत्तर येतं, "नऊ आणे सापडत नाही, बारा आणे देऊ का?" रस्त्यावरून जाणाऱ्या एका मराठी गृहस्थांना वाटलं आम्ही भाजी विकायला लागलो.

इंजिन पहिल्यांदा चालू करायचा दिवस मात्र गाजला. आठ सिलिंडर कुठल्या क्रमाने पेटायचे तो क्रम पाठ लागतो: एक-आठ-चार-तीन-सहा-पाच-सात-दोन. अप्पांच्या अंगात सहा सिलिंडरचा एक-पाच-तीन-सहा-दोन-चार इतका भिनलेला की ते झोपेतही तो म्हणतील. पाच आणि सातच्या वायरींची अदलाबदल झाली. सईने स्टार्टर मारला, कार्ब्युरेटरमधून हातभर ज्वाळ वर आली, आणि जो आवाज झाला त्याने तीन घरांपलीकडच्या गाडीचा अलार्म सुरू झाला. सोसायटीच्या ग्रुपवर लगेच संदेश: "भूकंप का?" बे एरियात हा प्रश्न थट्टेत काढत नाहीत. कुणीतरी "मलाही जाणवला" असं लिहिलं. एकाने तीव्रतेचा अंदाजही दिला. मी "हो, थोडासा" असं टाकून फोन बंद केला. तेव्हापासून अप्पा रोज आंघोळीनंतर रामरक्षेच्या चालीवर नवा क्रम म्हणतात. सासूबाईंना तोही आता पाठ आहे.

मी एकदा, पैशांचा हिशेब करून झाल्यावर, मुद्द्याचं बोललो. "सई, माझी रोजची वीजगाडी, ज्यात मी दूध आणतो, ती हे पाव मैल तुझ्या रोडस्टरच्या आधी जाईल. आवाज न करता. एसी लावून."

"जाईल ना," ती म्हणाली. "पण बाबा, त्यात तू काय केलंस? पाय ठेवलास."

अप्पा खाली मान घालून गॅस्केट कापत होते. ते हसले नाहीत, पण त्यांच्या खांद्यांवरून कळलं.

फमोसोची ड्रॅग स्ट्रिप बेकर्सफील्डच्या उत्तरेला, बदामाच्या बागांमध्ये आहे. महायुद्धातली धावपट्टी, १९५९ पासून तिथे मार्च मीट ही शर्यत भरते आणि जुन्या धाटणीच्या गाड्यांची ती पंढरीच. आम्ही शर्यतीला नाही, साध्या सरावाच्या दिवशी गेलो. गाडी ट्रेलरवर, मागे आम्ही, सोबत दशम्या.

आत सोडण्यापूर्वी गाडीची तपासणी होते. हेल्मेट, पट्टे, डोक्यामागचा रोल बार, बॅटरीची बांधणी. आणि गळती तर थेंबाचीही चालत नाही, कारण पट्टीवर सांडलेल्या तेलावरून पुढची गाडी घसरते. तपासनीस वाकला, गाडीखाली पाहिलं आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. गिअरबॉक्सच्या बुडाशी लाल ओघळ होता. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल लालच असतं. त्याने बोट लावलं, वास घेतला, दुसऱ्या बोटाने चोळलं. सई पांढरी पडली.

सासूबाईंनी निघताना गाडीची पूजा केली होती. स्वस्तिक काढायला बॉनेट नाही, म्हणून इंजिनाच्या मागच्या भिंतीवर काढलं होतं. ओलं कुंकू तिथून खाली उतरलं होतं.

"इट इज हर ग्रँडमदर," मी म्हणालो. याहून नेमकं इंग्रजी मला त्या क्षणी सुचलं नाही. तपासनीसाने बोटाकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, दुसऱ्या गाडीच्या कपाळावर रंगवलेल्या कवटीकडे पाहिलं आणि पास केलं.

पुढचं सगळं धुरात झालं. आधी पाण्यात चाकं भिजवून ती जागच्या जागी गरागरा फिरवायची, म्हणजे रबर तापून चिकट होतं. पांढऱ्या धुराचे लोट उठले. आयुष्यभर टायरवर पुन्हा रबर चढवून एसटीचे पैसे वाचवलेल्या अप्पांना हे बघवेना. "जाळतात हो!" एवढंच म्हणाले. मग धूर करून पुढे गेलेली गाडी सरळ मागे आणायला समोर उभं राहून खुणा कराव्या लागतात. ते काम माझं होतं, मी त्याचे व्हिडिओही पाहिले होते. पण मी हात वर करेपर्यंत अप्पा पुढे झाले होते. "येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या… डावीकडे… येऊ द्या… बस्स!" बेकर्सफील्डच्या उन्हात स्वारगेट उभं राहिलं. गाडी दोरीत आली.

मधल्या खांबावर दिवे लागतात: तीन पिवळे, अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने, मग हिरवा. जो हिरव्याची वाट बघतो तो हरतो. शेवटच्या पिवळ्यालाच निघायचं असतं. आमच्या घरात पुण्याचं रक्त आहे, हे शिकवावं लागलं नाही. पुढची चाकं जरा हलकी झाली, एक प्रचंड गुरगुर झाली, आणि गाडी लहान होत गेली.

चिठ्ठीवर १४.६ सेकंद आले. सई परत आली तेव्हा तोंडभर हसत होती आणि डोळ्यांत पाणी होतं. तिच्या मते ते धुरामुळे. मी तिला जवळ घेणार इतक्यात अप्पांनी चिठ्ठी ओढून चष्म्याजवळ नेली.

"सुरुवातीलाच मार खातेय. मागचा एक्सल बदलायला हवा. गिअर चुकीचा आहे."

"तेच म्हणत होते, आजोबा. चार पॉइंट अकराचा घालू?"

"जावईबापू, माझं परतीचं तिकीट कधीचं आहे?"

बायकोने घरी पोहोचल्यावर आय-५३९ हा मुदतवाढीचा फॉर्म उघडला. सोबत राहण्याचं कारण पत्रात लिहून द्यावं लागतं. तिने प्रकृती, कुटुंबाचा सहवास, नातेवाइकांचं लग्न असे नेहमीचे पर्याय वाचून दाखवले. अप्पा गॅरेजमधून हात पुसत आले, ऐकून घेतलं आणि म्हणाले, "खोटं कशाला लिहायचं सरकारला? मागचा एक्सल, असं लिही."