बाल्या नव्हे, जाखडी

कोकणातल्या ‘बाल्या नाचा’वरचा तुमचा लेख आवडला, पण हे नाव नाचणाऱ्यांच्या कानातल्या बाळीवरून पडलं, एवढं सांगून लेख पुढे गेला, ते मला खटकलं. बाळी खरीच. पण आमचे लोक मुंबईत घरगडी म्हणून राबायचे, तिथे त्यांना ‘बाल्या’ अशी हाक मारली जायची आणि त्या हाकेत मान नव्हता. माझ्या आजोबांना ती हाक मरेपर्यंत लागत राहिली. म्हणून आमच्या घरात, संगमेश्वराकडे, कुणीच बाल्या नाच म्हणत नाही. जाखडी म्हणतात. हात एकमेकांत जखडून गोल धरायचा म्हणून जाखडी, असं आजोबा सांगायचे, आणि मला ते पटतं.

गणपतीत आमच्या खळ्यात नाच आला की मधोमध बुवा, ढोलकी आणि झांज घेतलेली माणसं बसतात. भोवती पोरं फिरतात, पायात चाळ. आधी गण, मग गवळण, आणि मग खरी गंमत: शक्तीवाले आणि तुरेवाले हे गाणाऱ्यांचे दोन पक्ष समोरासमोर. शक्तीवाल्यांच्या मते देवी थोर, तुरेवाल्यांच्या मते शिव. सवाल गाण्यातूनच टाकायचा आणि जवाबही तिथल्या तिथे गाण्यातूनच. आजोबा तुऱ्याचे. त्यांच्या चाळाचं कातडं घामाने काळं पडलं होतं, दोन घुंगरं गळालेली. तो अजून आमच्या देवघराच्या खुंटीला आहे.

पुढच्या लेखात मथळ्यात जाखडी लिहा, एवढीच विनंती. आणि शक्ती-तुऱ्यावर सविस्तर लिहा, त्याला एक परिच्छेद फार थोडा झाला.