‘कुत्रा म्हणजे लांडगाच, त्याला कच्चंच द्या’: फिरत्या मेसेजला उत्तर

‘ड्राय फूड आजच बंद करा, कच्चं चिकन सुरू करा’ असं सांगणारा मेसेज कुत्री पाळणाऱ्यांमध्ये सध्या फिरतो आहे. त्यातला एकेक दावा तपासू.

‘लांडग्याच्या वंशजाला भात पचत नाही.’ वंशज खराच. पण 2013च्या जनुकीय अभ्यासात पिष्ट पचवणाऱ्या अमायलेज जनुकाच्या लांडग्यात 2 प्रती सापडल्या, कुत्र्यांत 4 ते 30. शिजलेला भात कुत्र्याला पचतो.

‘पोटातलं आम्ल जंतू मारतं.’ सगळे नाही. साल्मोनेला (जुलाबाचे जंतू) पोटात गेलेला कुत्रा बहुतेकदा ठणठणीत दिसतो आणि विष्ठेतून जंतू टाकत राहतो. धोका घरातल्या तान्ह्या बाळाला, गरोदर बाईला, आजी-आजोबांना. ‘फ्रीझरमध्ये ठेवलं की झालं’ हेही चूक: उणे 18 अंशांना साल्मोनेलाची वाढ फक्त थांबते. मांजरांना तर बर्ड फ्लूचाही धोका आहे. 2024च्या अखेरीस नागपूरच्या गोरेवाडा प्राणी बचाव केंद्रात मांजरकुळातलेच 3 वाघ आणि 1 बिबट्या त्यानेच दगावले. संशय कोंबडीच्या मांसावर होता.

‘हाडं नको वाटली तर नुसतं बोनलेस द्या.’ सगळ्यांत घातक सल्ला हाच. बोनलेस चिकनमध्ये कॅल्शियमच्या पंधरा-वीस पट फॉस्फरस असतं. कुत्र्याला फॉस्फरसपेक्षा कॅल्शियम थोडं जास्त लागतं, साधारण 1.2 ला 1. ही तूट शरीर हाडांतून भरून काढतं. पिल्लू आधी लंगडतं, मग सोफ्यावरून उडी मारतानाही पाय मोडतो. उलट हाडं जास्त झाली तर शी पांढरी, खडूसारखी होते, कुंथावं लागतं. कडक हाडाने दाढ चिरते ती वेगळीच.

घरचंच द्यायचं असेल तर चिकन आतपर्यंत 74 अंशांवर शिजवा आणि सगळी हाडं काढा, कारण शिजलेल्या हाडाच्या टोकदार कपच्या होतात. चिकन शिजवलेलं पाणी फेकू नका, त्यात टॉरिन (हृदयाला लागणारं पोषकद्रव्य) उतरतं. अंड्याची टरफलं 10 मिनिटं उकळा, वाळवा, मिक्सरमध्ये पिठासारखी दळा. पूर्ण वाढ झालेल्या कुत्र्यासाठी 500 ग्रॅम कच्च्या बोनलेसमागे अर्धा चमचा, सुमारे 3 ग्रॅम. कलेजी एकूण खाण्याच्या 5 टक्क्यांवर नको. कांदा, लसूण, मसाला अजिबात नाही. जुन्या खाण्यात नवं पाव-पाव वाढवत 7 ते 10 दिवसांत बदल करा. एवढं करूनही जस्त, आयोडीन, ई जीवनसत्त्व कमी पडतंच. त्याची पूड पशुवैद्यांकडून वजनानुसार ठरवून घ्या. आणि वर्षाच्या आतल्या पिल्लावर हा प्रयोग घरच्या अंदाजाने करू नका.