आईला तैपेईत कौल दिसला

तैवानला निघालो तेव्हा सगळ्यांनी एकच बजावलं होतं, तैपेई १०१ चुकवू नका. नाही चुकवलं. ५०८ मीटरची इमारत आहे, वरून शहर सुरेख दिसतं. पण आईला तैवान आपलंसं वाटलं ते लुंगशान देवळात.

देऊळ १७३८ सालचं. १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात मुख्य गाभारा कोसळला, आतली क्वानयिनची मूर्ती मात्र वाचली. क्वानयिन म्हणजे आपल्या अजिंठ्याचा अवलोकितेश्वर, करुणेचा बोधिसत्त्व; चीनमार्गे इथवर येताना त्याची देवी झाली. आमच्या शेजारी एक विशीतली मुलगी पाठीवरच्या सॅकसकट गुडघे टेकून बसली. ओंजळीत लाकडाचे दोन लाल तुकडे, काजूगरासारखे बाकदार, एका बाजूनं सपाट, दुसरीनं फुगीर. काहीतरी पुटपुटून तिनं ते फरशीवर टाकले. दोन्ही फुगीर बाजू वर. पुन्हा पुटपुटली, पुन्हा टाकले. एक सपाट, एक फुगीर. मुलगी हसली, नमस्कार करून उठली.

आईनं माझा दंड धरला. "अगो, ह्या चेडू कौल लावता!"

आईचं माहेर कुडाळचं. कौल म्हणजे देवाचा होकार-नकार; देवाला लावलेली पाकळी उजवीकडची पडते की डावीकडची, यावर तिच्या घरातली लग्नं ठरलीत. इथली रीत आम्ही विचारून घेतली. आधी देवाला नाव, जन्मतारीख, पत्ता सांगायचा, मग प्रश्न. म्हणजे कोकणात देवापुढे घालतात ते गाऱ्हाणंच की! एक सपाट, एक फुगीर पडलं की होकार. दोन्ही फुगीर म्हणजे नाही. दोन्ही सपाट पडले तर देव हसतोय, प्रश्न नीट विचार.

आमच्या टूरनं या देवळाला वीस मिनिटं दिली होती आणि खरेदीला दोन तास. याचा मला मनापासून राग येतो. इतक्या लांब माणसं पिशव्या भरायला जातात का? आम्ही दुसऱ्या दिवशी दोघीच पुन्हा गेलो आणि सकाळभर तिथे बसलो.

आलिशान नावाच्या डोंगरावरही दोघीच गेलो. चियायी शहरातून निघालेली छोटी रेल्वे दोन हजार मीटरच्या वर चढते. जपान्यांनी लाकूड उतरवायला ती १९१२ मध्ये सुरू केली. २००९ च्या वादळात उखडलेला मार्ग २०२४ मध्ये पूर्ण सुरू झाला. खालच्या उतारांवर पोफळी बघून आई खिडकीपासून हलेना. मग चहाचे मळे, आणि वर धुक्यात भिजलेले प्रचंड सायप्रस. जेवणाची चिंता तर उगीचच केली होती. बौद्ध शाकाहारी खानावळी ठिकठिकाणी आहेत, आणि त्यांत कांदा-लसूणही नसतो. आईचा चातुर्मास तिथे बिनघोर पार पडला.

आता पुन्हा जायचंय, माझूच्या पालखीला. ही समुद्राची देवी. दाजियाच्या देवळातून वसंतात तिची पालखी निघते. नऊ दिवस, आठ रात्री, तीनशेहून जास्त किलोमीटर पायी. वाटेवरची गावं चालणाऱ्यांना जेवू घालतात. पालखी अंगावरून जावी म्हणून माणसं रस्त्यात ओणवी होतात. निघायची तारीख चिनी पंचांगातल्या पहिल्या पौर्णिमेच्या रात्री ठरते, तीही कौल लावून. तोवर तिकीट काढायचं नाही, असं आईनं सांगून ठेवलंय.